उतारावर ट्रॉली ढकलते तेव्हा : ब्रेकचा दोष नेमका कुठे शोधायचा?

ऊसतोडणी सुरू झाली की आमच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. खोडव्याला खत कधी द्यायचे, पाचट कुजवायचे कसे, तुरा आलेला ऊस किती दिवस थांबेल. पण गळीत हंगामात शेतकरी आणखी एक गोष्ट हमखास बोलून दाखवतात : "साहेब, ट्रॅक्टरचे ब्रेक लागत नाहीत. लायनर बदलले, तरी तेच."

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस, मिस्त्री नव्हे. तरीही या प्रश्नाचे उत्तर मला द्यावेसे वाटते, कारण हाच प्रश्न आमच्या घरात सलग दोन हंगाम होता.

आमचा भाग शाहूवाडी-पन्हाळ्याकडचा. रान उताराचे, रस्तेही उताराचे. गावातून कारखान्याच्या रस्त्याला लागताना ओढ्याच्या पुलाआधी एक उतार आहे. दिसायला काहीच नाही, सायकलवाला पायडल न मारता उतरतो एवढाच. थोरल्या भावाने एका ट्रॉलीऐवजी मागे दोन ट्रॉल्या जोडायला सुरुवात केली आणि त्या वर्षापासून पुलापाशी ट्रॅक्टर थांबेना. गॅरेजमध्ये नेला, लायनर बदलले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा लायनर. प्रत्येक वेळी मिस्त्री रिकामा ट्रॅक्टर रस्त्यावर पळवायचा, कचकन ब्रेक मारायचा आणि म्हणायचा, "हे बघा, लागतोय की." त्याचेही खरेच होते. ब्रेक लागत होते. तरी ट्रॅक्टर थांबत नव्हता.

दुसऱ्या हंगामात एका सकाळी रस्त्यावर दव होते. पुलाआधी भावाने ब्रेक दाबले, मागची दोन्ही चाके जाम झाली आणि ट्रॅक्टर तसाच सरकत राहिला. मागच्या ट्रॉलीने धक्का दिला, ट्रॅक्टर आडवा झाला आणि कठड्याला टेकून थांबला. कठडा जुन्या दगडी बांधणीचा होता म्हणून भाऊ आज आहे.

त्यानंतर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब तुम्हीही एकदा मांडून बघा.

वजनाचा हिशेब

पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर साधारण २.२ टनांचा धरा. रिकामी ट्रॉली २ टन, त्यात ७ टन ऊस, म्हणजे एक भरलेली ट्रॉली ९ टनांची. अशा दोन म्हणजे १८ टन. ट्रॅक्टर धरून २० टनांची गाडी झाली. (सात टन वाचून काहींना हसू येईल. तुम्ही किती भरता ते तुमच्या काट्याच्या पावतीवर असतेच. आकडा तुमचा घाला.)

आता उतार. १०० फूट पुढे गेल्यावर रस्ता ५ फूट खाली जात असेल तर तो पाच टक्क्यांचा उतार. अशा उतारावर २० टनांची गाडी १ टनाच्या जोराने खाली ढकलली जाते. चाकांच्या घसाऱ्यात यातला साधारण ०.४ टन जोर चांगल्या डांबरी रस्त्यावर जिरतो. उरला ०.६ टन. वेग वाढू न देता नुसते एका चालीने उतरायचे तरी एवढा जोर ब्रेकने धरून ठेवावा लागतो. थांबायचे तर त्याहून जास्त.

धरणार कोण? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. त्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनातले सुमारे १.३ टन येते. चार चाकी ट्रॉली आपले वजन स्वतःच्या चाकांवर पेलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर ते येत नाही. कोरड्या डांबरावर टायरची पकड त्यावरच्या वजनाच्या साधारण ०.७ पट धरली तर ट्रॅक्टर जास्तीत जास्त ०.९ टनाचा अडथळा करू शकतो. लायनर नवे असोत की जुने, यापुढे चाक जाम होऊन घसरते, बस्स.

म्हणजे थांबवायला हातात उरला ०.३ टन, आणि थांबवायचे २० टन. ताशी २० किलोमीटर वेगात असाल तर गाडी थांबायला सुमारे १०० मीटर लागतात. रस्त्यावर दव, पाऊस, बारीक खडी किंवा चिखल असेल आणि टायरची पकड ०.४ पर्यंत उतरली, तर ट्रॅक्टर जेमतेम अर्धा टन धरू शकतो. धरायचे आहेत ०.६ टन. त्या रस्त्यावर ती गाडी थांबणारच नाही. भावाच्या बाबतीत झाले ते नेमके हे.

आता याच दोन ट्रॉल्यांच्या चाकांना ब्रेक आहेत असे समजा. त्यांनी आपल्या वजनाच्या चौथा हिस्सा जोर जरी धरला तरी तो साडेचार टन होतो. १०० मीटरच्या जागी सात-आठ मीटर.

हिशेब ढोबळ आहे. उतार, टायर, भरणा बदलला की आकडे हलतील. पण ट्रॉलीला ब्रेक नसताना ट्रॅक्टरच्या ब्रेकवर कितीही पैसे घातले तरी वर पकडीची एक मर्यादा आहे, ती कोणताही मिस्त्री ओलांडू शकत नाही. जुन्या बैलगाडीचा उतारावरचा ब्रेक आठवा. दोर ओढला की लाकडाचा ओंडका चाकाला घासायचा. ब्रेक चाकाला होता, बैलाला नव्हता.

आधी ट्रॉली सोडा, मग तपासा

म्हणून ब्रेकची तक्रार आली की पहिले काम हे : सपाट जागेवर ट्रॉली सोडून ट्रॅक्टर एकटा तपासायचा. एकटा ट्रॅक्टर नीट थांबत असेल तर गॅरेजची फेरी वाचली. दोष मागे आहे किंवा भरण्यात आहे. एकट्यालाच थांबायला त्रास होत असेल तर पुढे वाचा.

दोन्ही पायडल जोडणारी पट्टी लावा. शेतात वळताना आपण एकेका बाजूचा ब्रेक वापरतो आणि पट्टी सोडलेलीच राहते. रस्त्यावर ताशी २५ च्या वेगात घाईने एकच पायडल दाबला गेला तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो, मागे ट्रॉली असेल तर उलटतो. पट्टी हरवलेली, वाकलेली किंवा तारेने बांधलेली असेल तर बाकीची तपासणी बाजूला ठेवा आणि आधी ती आणा.

नंतर पायडलची मोकळी चाल बघा. पायडल हाताने दाबा, जोर लागायला सुरुवात होईपर्यंत तो किती खाली जातो ते पट्टीने मोजा. ही चाल किती असावी हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते. दोन्ही बाजूंची चाल सारखी हवी. चाल जास्त झाली की ब्रेक उशिरा लागतो, अजिबात ठेवली नाही तर ब्रेक सतत घासत राहतो आणि तापतो. "एकदम टाईट करून द्या" असे मिस्त्रीला सांगणारे बरेच जण असतात. तसे करू नका. रॉड पुरता आवळूनही पायडल खालीच जात असेल तर आतल्या डिस्क संपल्या आहेत, त्या उघडाव्याच लागतील.

आता रस्त्यावरची चाचणी. कोरडी, सपाट, मोकळी मातीची वाट निवडा. पट्टी लावून ताशी १५ च्या आसपास वेग घ्या, क्लच आणि ब्रेक एकदम दाबा. खाली उतरून टायरचे ओरखडे बघा. दोन्ही सारख्या लांबीचे असतील तर ब्रेक बरोबरीने लागतात. एक लांब आणि एक आखूड असेल तर लांब ओरखड्याची बाजू जास्त धरते आहे. मागच्या दोन टायरांची हवा आधी सारखी करून घ्या, नाहीतर हवेचा फरक ब्रेकच्या माथी बसतो.

चाल दोन्हीकडे सारखी आणि तरी एक बाजू धरत नाही, असे होते तेव्हा ब्रेक कोणत्या जातीचे आहेत ते महत्त्वाचे. जुन्या ट्रॅक्टरांत कोरड्या डिस्कचे ब्रेक असतात. त्यांच्यात मागच्या धुऱ्याच्या ऑईल सीलमधून तेल झिरपून लायनरवर येते आणि ती बाजू गुळगुळीत होते. असे लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्यात अर्थ नाही, तेल आत मुरलेले असते. आणि सील न बदलता नवे लायनर टाकले तर महिन्याभरात पुन्हा तेच. चिखलणी केल्यावर किंवा ओढ्यातून गेल्यावर कोरड्या ब्रेकमध्ये पाणी शिरते. हळू वेगात दोन-चारदा ब्रेक दाबून ते सुकवून मगच रस्त्यावर या.

नव्या ट्रॅक्टरांत ब्रेक तेलात बुडालेले असतात. ते पाण्या-चिखलाला भीत नाहीत आणि थंड राहतात, पण तेलावर सगळे अवलंबून असते. ब्रेक दाबताना कर्रर आवाज येतो, गाडी थरथरते, धरायला वेळ लागतो, अशी लक्षणे दिसली की डिस्क बदलण्याआधी विचारा की ट्रान्समिशनचे तेल शेवटचे कधी बदलले आणि कोणते घातले. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल हवे. जिथे पायडलला ब्रेक ऑईलची वेगळी टाकी असते तिथे तर अधिकच जपा. ब्रेक ऑईलच्या जागी इंजिनचे तेल ओतले की रबरी सील फुगतात आणि सगळी व्यवस्था निकामी होते. अशा ब्रेकचा पायडल स्पंजासारखा मऊ लागत असेल, दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट होत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. हवा काढून घ्यावी लागेल, आणि ती शिरली कुठून तेही शोधावे लागेल.

ब्रेक तापण्याची तक्रार असेल तर तीन-चार किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक वापरून चालवा, थांबा आणि चाकाच्या तुंब्याजवळ तळहाताची मागची बाजू न्या. चिकटवू नका, भाजते. एकाच बाजूला आच लागत असेल तर ती बाजू सुटत नाही. दोन्ही बाजू तापल्या असतील तर बहुधा चालकाचा पाय पायडलवर ठेवलेला असतो. ही सवय अर्धा दिवस शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ट्रॉलीच्या ब्रेककडे

ट्रॉलीला ब्रेक असतील तर ते बहुधा दोनपैकी एका प्रकारचे. एक, धक्क्यावर चालणारे : ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते, दांड्यातला सरकता भाग आत जातो आणि तारेने किंवा रॉडने चाकातले ब्रेक ओढले जातात. दुसरे, हायड्रोलिक : ट्रॅक्टरच्या पायडलशी जोडलेल्या वाल्वमधून तेल दाबाने ट्रॉलीच्या चाकांतील सिलिंडरला जाते. अमेरिका-ऑस्ट्रेलियात पिकअपमागच्या ट्रेलरला विजेचे ब्रेक सर्रास असतात. ड्रमच्या आत विद्युतचुंबक असतो, त्यातून वीज वाहू लागली की तो ड्रमला चिकटतो आणि लायनर फाकवतो. तिकडे ब्रेक लागेना झाले की जाणकार आधी वायर, गंजलेले सांधे आणि अर्थिंग बघतात, मगच चाक उघडतात. आपल्याकडेही तीच रीत ठेवावी. चाक शेवटी उघडायचे. त्याआधी ट्रॅक्टरपासून चाकापर्यंत जोर पोहोचतो का ते बघायचे.

धक्क्याच्या ब्रेकमध्ये सर्वाधिक वेळा सापडणारा दोष एकदम साधा आहे. सरकता भाग मातीने आणि गंजाने जाम झालेला असतो. ट्रॉली रिकामी करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, ट्रॅक्टर सोडा आणि दांडा ढकलून बघा. सरकला पाहिजे आणि सोडल्यावर परत आला पाहिजे. दुसरा दोष याहून धोक्याचा. रिव्हर्स घेताना हे ब्रेक आपोआप लागतात, म्हणून बऱ्याच ट्रॉल्यांना ते बंद ठेवायची खिट्टी असते. कारखान्याच्या आवारात रिव्हर्स घेताना ती लावली जाते आणि काढायची राहते. पुढच्या खेपेला ट्रॉलीला ब्रेक आहेत असे समजून माणूस उतारावर येतो. त्या खिट्टीला लाल रंग द्या, इतकेच सुचवतो.

हायड्रोलिक ब्रेक लागत नसतील तर कपलर पूर्ण आत बसला आहे का ते आधी बघा. अर्धवट बसलेला कपलर जोडलेला दिसतो, पण आतला वाल्व उघडत नाही. कपलरच्या तोंडाला माती असते ती पुसा, आणि ट्रॉली उभी असताना त्यावर टोपी लावा. टोपी हरवली असेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बांधली तरी चालेल. मग एकाला पायडल दाबायला बसवा आणि पाईपवरून डोळा फिरवा : कुठे ओल, कुठे फुगवटा, कुठे दोन ट्रॉल्यांमध्ये वळणावर पाईप ताणला किंवा चिमटला जातो. दोन ट्रॉल्यांच्या गाडीत दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत जोर जातो की नाही हे वेगळे तपासा. पहिल्या ट्रॉलीचे ब्रेक लागतात आणि दुसरीचे नाहीत, अशी गाडी वळणावर फार वाईट वागते. जड मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीला बाजूला रेटते.

जोर चाकापर्यंत पोहोचतो आणि तरी धरत नाही, तेव्हा चाक उघडा. आत काय सापडेल? लायनर संपलेले असतील, किंवा त्यावर ग्रीस असेल. हंगामाआधी तुंब्यात ग्रीस भरताना "भरा अजून" म्हणत जास्त भरले जाते, ते तापल्यावर सील ओलांडून लायनरवर येते. असे लायनर बदलायचेच, दोन्ही बाजूंचे जोडीने. ब्रेक सुटत नसेल तर परतीची स्प्रिंग तुटलेली असते किंवा पाईप आतून सोलून बंद झालेला असतो. बाहेरून तो चांगला दिसतो. एका बाजूने तेल जाते, परत येत नाही.

हे सगळे पाहून झाले की चाचणी अशी घ्या. रिकामी ट्रॉली, सपाट जागा, बाकीच्या चाकांना दगड. एकेक चाक जॅकवर उचला, भक्कम ठोकळ्यावर धुरा टेकवा, चाक हाताने फिरवा, ब्रेक दाबायला लावा, सोडायला लावा. प्रत्येक चाकाला पाच मिनिटे. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली डोके घालू नका.

जोडाचाही विचार यातच येतो. हूकमधली पिन बाजारातली असली पाहिजे, सळई कापून केलेली नको, आणि खालून लॉक पिन हवीच. ट्रॉली ढकलते तेव्हा पिनवर ओढीच्या उलटा दणका बसतो आणि लॉक नसलेली पिन वर उडते. सोबत साखळी ठेवा.

तोवर उतार कसा उतरायचा

ट्रॉलीला ब्रेक बसवायला पैसे आणि दिवस लागतात, हंगाम मात्र आज चालू आहे. तेव्हा चालकाला हे सांगा.

गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. ज्या गिअरमध्ये हीच भरलेली गाडी हा चढ चढली असती, त्याच गिअरमध्ये तो उतार उतरायचा. मध्येच गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिनची धर सुटते, वेग वाढतो आणि मग हवा तो गिअर पडत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे चालक मी पाहिले आहेत. वाचलेले डिझेल कपभर असेल. त्या कपासाठी २० टन मोकळे सोडलेले असतात.

इथे एक गैरसमज आहे. इंजिनची धरसुद्धा त्याच मागच्या दोन चाकांतून रस्त्यावर पोहोचते, म्हणजे वर काढलेली पकडीची मर्यादा तिलाही लागू आहे. इंजिनमुळे वेग आधीपासून कमी राहतो आणि ब्रेक थंड राहतात, हा तिचा फायदा. घसरड्या उतारावर ती चमत्कार करणार नाही. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर असेल तर उतारापूर्वी तो गिअर जोडा, पुढच्या चाकांचीही पकड कामी येते. मागच्या टायरांत पाणी भरले किंवा चाकांना वजने लावली तर मर्यादा थोडी वर सरकते. थोडीच.

चाके जाम होऊन घसरू लागली तर पायडल आणखी दाबून उपयोग नाही. थोडे सोडा, चाक फिरू द्या, पुन्हा दाबा. फिरणारे चाक वळते, जाम झालेले वळत नाही. आणि वळणावर ब्रेक नको, वेग वळणाआधीच कमी झालेला हवा, कारण वळलेल्या गाडीला मागून रेटा बसला की ट्रॅक्टर आडवा होतो.

मोठ्या आवाजातल्या टेपबद्दल एवढेच की मागचा माणूस ओरडला तर ऐकू आले पाहिजे.

बाकी राहिला भरणा. कृषी सहायक मित्रांनो, हंगामापूर्वीच्या बैठकीत तुम्ही बेणे आणि हुमणी यांवर बोलता, त्यात पाच मिनिटे वर मांडलेला हिशेब फळ्यावर करून दाखवा. गावातल्या उताराचे नाव घेऊन आणि गावातल्याच एखाद्या काट्याच्या पावतीचा आकडा घेऊन. मी हे करून पाहिले आहे. कमी भरा असे सांगितले की लोक मान डोलावतात आणि विसरतात, आकडा पाहिला की भांडतात. भांडले की नंतर घरी जाऊन मोजतात.

आमच्याकडे शेवटी दोन्ही ट्रॉल्यांच्या मागच्या धुऱ्यांना हायड्रोलिक ब्रेक बसवले. तोपर्यंतच्या खेपा भावाने एकाच ट्रॉलीने केल्या, मुकादमाशी रोज वाद घालत. आता हंगाम संपला की तो ट्रॉल्या तशाच झाडाखाली लावत नाही. ड्रम उघडून गंज बघतो, पाईपला टोपी लावतो आणि ब्रेक सोडलेले ठेवून चाकांना दगड लावतो, कारण पावसाळाभर लागलेले राहिले तर लायनर ड्रमला चिकटून बसतात. दसऱ्याच्या आधी एकदा रिकामी गाडी घेऊन पुलापर्यंत जातो, थांबवून बघतो आणि परत येतो.